दूध-दही: रोज

मालूताईंच्या तोंडात टाचण्या नसल्या तर त्या बोलत, आणि असल्या तरी बोलत. ओठांच्या एका कोपऱ्यात चार-पाच टाचण्या आणि दुसऱ्या कोपऱ्यातून शब्द, असा प्रकार. नव्या गिऱ्हाइकाचा जीव टांगणीला लागे. "भिऊ नये, आजवर एकही गिळली नाही," त्या म्हणत. मग माझ्या दाराकडे बघून जरा मोठ्यानं, "आणि गिळली असती तरी लोखंडच ते, अंगी लागलं असतं." हे दुसरं वाक्य माझ्यासाठी असे, कारण समोरच्या खोलीत मी लोकांना लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांचे सल्ले देत बसलेली असे.

मी आहारतज्ज्ञ. नवऱ्याला देवासच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही नाशिककडून इकडे आलो, आणि टेकडीच्या पायथ्याशी एका घराच्या तळमजल्यावर मी सल्ल्यासाठी खोली घेतली. समोरची खोली मालूताईंची, मधे चार हातांचा बोळ. त्या मूळच्या धारच्या. पणजोबा दरबाराचे शिंपी म्हणून माळव्यात आले आणि इथलेच झाले. मालूताई लग्न होऊन देवासला आल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. मशीनवर एकटीनं पोट भरलं आणि कुणापुढे हात पसरला नाही.

त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मी चाटच पडले. "आपण कोठल्या?" असं त्यांनी विचारलं. "मजला ठाऊक नव्हतं", "कशास उगीच त्रास" असलं आमच्या आजीच्याही आधीचं बोलणं. आणि लगेच दारातल्या पोराला, "कल आना भिया, अभी तुरपाई बाकी है." दोन्ही बोलण्यांत त्या सारख्याच घरच्या वाटत. मी महाराष्ट्रातून आलेली असून दर वाक्यात 'ओके' म्हणते, याची त्यांना फार गंमत वाटे.

कापड त्या डोळ्यांनी बघतच नसत. चिमटीत धरायचं, अंगठा एकदा फिरवायचा आणि निकाल द्यायचा. एकदा एक बाई धारजवळच्या बाग गावच्या हातछपाईचं म्हणून कौतुकानं कापड घेऊन आली. मालूताईंनी त्यावरून अंगठा फिरवला. "बाई, हे हाताचं नव्हे, यंत्रावर छापलेलं. पण शिवीन छान." बाई चिडली. मालूताई शांत. त्यांनी ते खरंच छान शिवलं.

अंगावरचा कपडा अंगावरच शिवू नये असा त्यांचा दंडक होता. अगदीच नड असेल तर अंगावर शिवून घेणाऱ्यानं दातांत दोरा धरायचा. एकदा व्याख्यानाला निघताना माझ्या कुर्त्याचं बटण तुटलं. मी दातांत दोरा धरून त्यांच्यापुढे उभी, आणि बोळात माझे दोन पेशंट वाट बघत बसलेले. "राहू दे त्यांना बघत," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई गप्प बसलेली त्यांना पुन्हा कधी दिसायची?"

रेवा सातव्या महिन्यात झाली. इंदूरच्या इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवली होती. तिसऱ्या दिवशी मालूताई बसनं आल्या. पिशवीत त्यांच्या जुन्या मऊ लुगड्याची चार झबली. मी विचारलं, न बघता माप कसं घेतलंत? "तूच फोनवर म्हणालीस ना, तळहातावर मावेल एवढी आहे म्हणून. तळहात तर मजकडे होताच." मग दुकान बंद ठेवून त्या अठरा दिवस माझ्याबरोबर बाकावर बसल्या. डॉक्टर रोज मान हलवून जात. एका संध्याकाळी त्या जवळच्या देवळात जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "वाचेल ती आता." एखाद्या बाईला 'ब्लाउज गुरुवारी मिळेल' म्हणून सांगावं, त्या सुरात. मला राग आला होता. पण रेवा वाचली.

बारशाला मी पेढा हातावर ठेवला तर त्यांनी तो पदराच्या टोकाला बांधला. पित्त झालंय म्हणाल्या. त्यानंतर चार वाजताचा दुधाचा चहाही सुटला, लिंबू पिळलेला कोरा चहा सुरू झाला. मी तज्ज्ञपणानं मान डोलावली. "बरं केलंत, दुधाच्या चहानं पित्त वाढतंच." तूप मात्र त्या भरपूर घेत. रविवारी दाल-बाफले झाले की कणकेचा भाजलेला बाफला तुपात बुडवून खात आणि माझ्याकडे बघून भुवया उडवत. मी रागावले की त्यांना बरं वाटे.

पाच-सहा वर्षं अशी गेली. माझा जम बसला, आणि माझं एक व्याख्यान फार चालू लागलं. 'ताट आणि मन' असं त्याचं नाव. आपण जे खातो त्यावर आपला मूड कसा ठरतो, केळ्यात आणि भोपळ्याच्या बियांत काय असतं, जवस-अक्रोडानं मेंदूला काय मिळतं, सकाळचं ऊन का घ्यावं, रक्त कमी असलं की माणूस चिडचिडा आणि उदास का होतो. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण मी ते असं सांगे की जणू घरोघरचं दुःख दोन केळ्यांनी मिटणार आहे. केळं हातात उंच धरून "मन मारू नका, ताट बदला" म्हटलं की टाळ्या पडत. मला माइक आवडायला लागला होता, हे मी आता कबूल करते.

त्याच सुमारास मालूताई बदलल्या. आधी बोलणं कमी झालं. टाचण्या तोंडात असत, शब्द नसत. मग चिडचिड सुरू झाली. गिऱ्हाइकाचं नाव विसरायच्या, आठवण करून दिली की, "ठाऊक आहे मजला," म्हणून अंगावर यायच्या. एकीच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. तिनं दाखवल्यावर म्हणाल्या, "मग घालू नकोस." टाके वेडेवाकडे पडू लागले. बायका माझ्याकडे येऊन कुजबुजत, "मैडम, टेलरवाली दीदी को क्या हो गया?" वय झालं, एकटेपणा आहे, असं मी सांगे. मला एवढं कळत होतं ना.

रेवाच्या शाळेच्या गॅदरिंगचा फ्रॉक त्यांच्याकडे दिला होता. तीनदा विसरल्या. चौथ्यांदा मी बोळात उभं राहून, दोन बायकांच्या देखत म्हटलं, "होत नसेल तर तसं सांगा, मी दुसरीकडे शिवून घेते." त्यांनी कापड घडी करून माझ्या हातात दिलं. घडी नीट बसेना, दोनदा केली. "घे," एवढंच म्हणाल्या. ज्या हातांनी तळहाताच्या मापाची झबली शिवली होती त्यांना मी हे बोलले, आणि घरी जाऊन नवऱ्याला वर सांगितलंही की आज स्पष्ट बोलून टाकलं.

मग मला माझी विद्या आठवली. त्यांना माझ्या खोलीत बोलावलं आणि छापील फॉर्म पुढे ओढला. जेवण किती वाजता, भाजी कोणती, डाळ किती, उपास कुठले. त्या मोडकंतोडकं सांगत होत्या. 'दूध-दही' असा एक रकाना आहे. त्याच्यापाशी आले तेव्हा माझा फोन वाजत होता. मी मान वर केली नाही. विचारलंही नाही. 'रोज' असं लिहिलं आणि पुढे गेले. माळव्यात दूध-दही कोण खात नाही, तुपात तर बाई बुडालेलीच, असं काहीतरी मनात असणार. कोरा चहा मी रोज डोळ्यांनी बघत होते, पण तो माझ्या लेखी पित्ताच्या खात्यात गेला होता.

उठताना त्या म्हणाल्या, "पायांना मुंग्या येतात गं. आणि बोटं लाकडासारखी वाटतात."

"दिवसभर मशीनवर बसल्यावर येणारच," मी म्हटलं.

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी. मला कोण आनंद झाला. रोग सापडला होता. लोह आणि फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, गूळ-शेंगदाणे, पालेभाजी, रोज एक केळं, असा तक्ता करून फॉर्मबरोबर त्यांच्या हातात दिला. तीन महिन्यांत रक्त वाढलं. चेहऱ्यावर थोडी लाली आली, किंवा मला ती दिसायला हवी होती म्हणून दिसली. आकडा मी फोनमध्ये जपून ठेवला.

धारच्या महिला मंडळानं व्याख्यानाला बोलावलं तेव्हा मी मालूताईंना बरोबर नेलं. त्यांना वाटलं, माहेरी सोडते आहे. मला जिवंत उदाहरण हवं होतं. व्याख्यान रंगल्यावर मी माइकवरून सांगितलं, "आता तुम्हाला एक व्यक्ती दाखवते. तुमच्याच गावची लेक. सहा महिन्यांपूर्वी हिच्याशी बोलायची सोय नव्हती." असं म्हटलं मी, त्यांच्या गावात, त्यांच्या बालमैत्रिणींसमोर. मालूताई मागच्या रांगेतून उठल्या आणि मधल्या वाटेनं पाय जरा आपटत आल्या. मंचापाशी पोचल्या तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी अर्ध्या वाटेत पडली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता.

यावर कुणीही शहाण्या बाईनं गप्प बसून विचार केला असता. मी माइक ओठांशी नेला आणि म्हटलं, "बघा, मालूताई इतक्या हलक्या झाल्यात की चपलेचंसुद्धा ओझं नको झालंय." सगळं सभागृह हसलं. मालूताईंनी खाली पायांकडे बघितलं, बराच वेळ. मग त्यासुद्धा हसल्या, मला साथ द्यायला. त्या हसण्याची आठवण झाली की आजही मी हातातलं काम टाकून उठते आणि घरात उगीच फिरते.

पुढच्या महिन्यात इस्त्री करताना त्यांचं बोट भाजलं. चटका कळलाच नाही, वास आल्यावर बघितलं. तेव्हा कुठे मी घाबरले आणि त्यांना मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे नेलं. आत शिरताना मी माझी ओळख करून दिली, आहारतज्ज्ञ म्हणून. डॉक्टरांनी तळपायांवरून काहीतरी फिरवलं, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं, मालूताई डगमगल्या. मग त्यांनी सहज विचारलं, "माताजी, दूध-दही लेती हैं?"

"नहीं."

"कब से?"

"आठ बरस हुए."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझी फाइल, त्या फॉर्मसकट, त्यांच्या टेबलावर उघडीच होती. "बी-ट्वेल्व्ह कभी देखा?" मी नाही म्हटलं. ते आवाज न चढवता बोलले, म्हणून जास्त लागलं. मांस-मासे-अंडी नाही आणि दूधही नाही, तर ते जीवनसत्त्व येणार कुठून? तुपात ते नसतं. ते कमी पडलं की मन खचतं, चिडतं, विसरतं, हातापायांची जाणीव जाते. आणि फोलिक अ‍ॅसिडनं रक्त सुधारतं, त्यामुळे आतलं दुखणं झाकलं जातं आणि वाढत राहतं. हे सगळं मी कॉलेजात शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं.

इंजेक्शनं सुरू झाली. दोन महिन्यांत मालूताईंचं मन परत आलं, हे शब्दशः सांगते. पहिल्यांदा त्यांना दोन डाव्या बाह्या आठवल्या. "त्या ब्लाउजला दोन डाव्या हातांची बाई शोधून द्यायला हवी," त्या म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की बोळात मीही हसले आणि मग आत जाऊन रडले. नावं आठवू लागली, टोमणे परत आले. बोटं आली नाहीत. फार उशीर झाला होता. सुई चिमटीतून पडे आणि त्या रिकामी चिमूट कापडावर चालवत राहत. ते मी दारातून दोनदा पाहिलं. एक दिवस त्यांनी मशीनवर खोळ घातली आणि धारला भावाकडे निघाल्या.

सामान न्यायला त्यांची वहिनी आली होती. मालूताई घरमालकिणीचा निरोप घ्यायला वर गेल्या तेव्हा ती बोळात माझ्याजवळ उभी राहिली. "तुमची रेवा आता केवढी झाली?"

"आठची."

"म्हणजे दूध सोडलं त्यालाही आठच झाली," ती म्हणाली. मला काहीच कळलं नाही. तेव्हा तिनं खालच्या आवाजात सांगितलं. इंदूरला, देवळात. पोर वाचली तर जन्मभर दूधदुभतं तोंडाला लावणार नाही. तूप अग्नीतून निघालेलं म्हणून तेवढं चालतं. "आमच्यात नवस बोलून दाखवीत नाहीत. ज्याच्यासाठी केला त्याला तर मुळीच नाही. त्याला ओझं होतं. मीसुद्धा सांगायला नको होतं, पण आता हात गेल्यावर मला राहवेना."

माझ्या मुलीचा जीव त्यांनी आपल्या ताटातून दिला होता, आणि मी त्याच ताटाचं व्याख्यान करून टाळ्या घेत होते. मला लाज वाटली. कानशिलं तापण्याची लाज नव्हे. आपल्या घराचं दार आपणच आपल्याला उघडू नये असं वाटावं, तशी.

मी सात महिने धारला गेले नाही. रेवाच्या परीक्षा, नवऱ्याची शिफ्ट, पाऊस, कारणांना काय तोटा. मनात मात्र रोज एकच वाक्य घोटत होते. 'मालूताई, मी तुम्हाला दुधाचं विचारलंच नव्हतं.' ते सांगितल्याशिवाय मला मोकळं वाटणार नव्हतं. माझ्या खोलीत मी आता पेन खाली ठेवून प्रश्न विचारते, उत्तर आलं की मग लिहिते. एवढ्यानं काही फिटत नाही.

शेवटी दसऱ्यानंतर गेले. तीच आमची अखेरची भेट, कारण त्या थंडीत साध्या तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. भावाच्या दुकानात पुढच्या बाजूला बैठक घालून बसल्या होत्या. खडूनं कापडावर आखून देत होत्या, कापणं-शिवणं भाऊ करत होता. डोळ्यांनी जमेल तेवढं त्या करत. मला बघून चेहरा फुलला. रेवाला का आणलं नाहीस म्हणून रागावल्या. वहिनीला आत पाठवलं, "हिच्या चहात दूध घाल हो नीट, पाहुणी आहे." मग भावाला काहीतरी आणायला सांगितलं. दुकानात आम्ही दोघीच उरलो.

मी तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या, "थांब. मजला आधी बोलू दे. केव्हाची वाट बघते आहे."

त्यांनी गादीखालून एक कागद काढला. घडी उलगडताना बोटं चुकत होती, मी मदत केली नाही, त्यांना आवडलं नसतं. तो माझा फॉर्म होता. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं, जरा खाली-वर होत नेमक्या ओळीवर. दूध-दही: रोज. माझं अक्षर.

"तू चांगलं कागद-पेन घेऊन विचारायला बसली होतीस," त्या म्हणाल्या, "आणि मी धादांत खोटं सांगितलं. मजला तर तो दिवसच नीट आठवत नाही, तेव्हा डोकं ठिकाणावर कुठे होतं. पण इथे लिहिलं आहे म्हणजे मीच सांगितलं असणार. का सोडलं ते तुला सांगायचं नव्हतं, म्हणून खोटं बोलले असेन. तुझी विद्या वाया घालवली गं. डॉक्टरासमोर तुझी मान खाली गेली ती माझ्यापायी. माझ्या हातांचं काही नाही, ते माझं कर्म. पण तुला लोकांनी नावं ठेवली असतील, हे माझ्या जिवाला लागून राहिलं आहे. क्षमा कर मला."

हात जोडायला गेल्या तर तळहात एकमेकांवर नीट बसले नाहीत.

सात महिने घोटलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. सहा-सात शब्दांचं. आतून कपबशांचा आवाज येत होता, वहिनी येईपर्यंत वेळ होता. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत मी अजून चांगली होते. जगात तेवढी एकच जागा उरली होती जिथे मी चांगली होते.

"जाऊ द्या हो, मालूताई," मी म्हटलं. "होतं असं माणसाकडून."

त्यांचे खांदे खाली आले. पदरानं डोळे पुसले, कागद पुन्हा घडी करून गादीखाली ठेवला.

"मोठ्या मनाची आहेस," त्या म्हणाल्या, आणि मी ते ऐकून घेतलं.